तापाला हातकडी

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. गुलामीच्या काळातील कायद्याचे जोखड झुगारून दिल्याचा गाजावाजा त्या वेळी पुष्कळ झाला. आम्हीही मोठ्या कुतूहलाने नवी संहिता चाळली. आम्ही शोधत होतो ती तीन जुनी कलमे : २६९, २७० आणि २७१. ती सापडली. अंगरखा तेवढा बदललेला होता. २६९ चे २७१ झाले, २७० चे २७२ झाले आणि २७१ चे २७३. शब्द जवळजवळ तेच, शिक्षाही तीच. १८६० साली इंग्रजांनी लिहिलेली वाक्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने २०२३ साली नव्या आकड्यांखाली पुन्हा मंजूर केली, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

ही कलमे काय सांगतात? जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे, अशी कृती जो कोणी बेकायदा किंवा हयगयीने करील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. तीच कृती दुष्ट हेतूने केली असेल तर दोन वर्षांपर्यंत. क्वारंटाइनचा नियम जाणूनबुजून मोडला तर पुन्हा सहा महिने. वाचताना यात वावगे काही दिसत नाही. रोग पसरविणे वाईटच, मग शिक्षा का नसावी, असे कोणाही सज्जन माणसाला वाटेल. आम्हालाही एकेकाळी तसेच वाटत असे. परंतु या कलमांचा आणि त्यांच्या गोतावळ्यातील इतर कायद्यांचा इतिहास पाहिल्यावर आमचे मत पार पालटले. आजाऱ्याच्या मागे पोलीस लावण्याने कोणताही रोग हटल्याचे आम्हाला कोठे आढळले नाही. आजारी माणूस लपला, हे मात्र पानोपानी आढळले.

सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांची नातीगोती त्या भूमीत आहेत आणि ज्याची ही कथा आहे तो आपल्याच धर्मबंधूंपैकी एक होता. पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करीत असे. त्याच रक्ताच्या तपासणीतून त्याला एच. आय. व्ही.चा संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले. त्याला कोणी विश्वासात घेऊन ही गोष्ट सांगितली नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला म्हापशाच्या पोलीस ठाण्यावर बोलावून घेण्यात आले. तेथून इस्पितळात, आणि इस्पितळातून क्षयरोग्यांसाठी एकेकाळी वापरात असलेल्या एका इमारतीत त्याची रवानगी झाली. दाराशी पहारा बसला. आपल्याला नेमके काय झाले आहे, हे त्याला कळले ते या धावपळीत. तब्बल ६४ दिवस तो तेथे एकटा होता.

त्याने कोणता गुन्हा केला होता? कोणताच नाही. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ चा. त्यात लवकरच दुरुस्ती करून, ज्याच्या रक्तात हा विषाणू सापडेल त्याला सरकारने अलग ठेवावे, अशी तरतूद घुसडण्यात आली होती. तो विषाणू हस्तांदोलनाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, शेजारच्या बाकावर बसून मिस्सा ऐकल्याने पसरत नाही, हे १९८९ साली वैद्यकाला पुरते ठाऊक होते. कायदा करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते असे म्हणणे हा त्यांच्यावर उपकार ठरेल. त्यांना ते जाणून घ्यायचे नव्हते.

डॉमनिकची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. तिच्या नावाने तो खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत वाचायला मिळतो. पोर बाहेर आले. 'अलग ठेवलेच पाहिजे' ही सक्ती सौम्य करून अलग ठेवावे की न ठेवावे हे अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपविण्यात आले. परंतु अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली नाही. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत झगडा झाला तर समाजाचे हित वरचढ ठरते, असा त्या निकालाचा आशय होता. आम्ही न्यायालयाचा मान राखून एक प्रश्न विचारतो : समाजाचे हित कशात होते? डॉमनिक कोंडला गेला त्या दिवशी गोव्यात ज्या कोणाला आपल्या रक्ताविषयी शंका असेल, तो दुसऱ्या दिवशी तपासणीला गेला असेल काय? रक्तदानाच्या रांगेत उभा राहिला असेल काय? एका तरुणाला कोठडी दाखवून सरकारने इतरांना दवाखान्याचा रस्ता बंद केला. डॉमनिक १९९२ साली वारला. तत्पूर्वी त्याने आपल्यासारख्या रुग्णांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला होता. त्याच्या जीवनावरून स्फुरलेला 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट २००५ साली आला आणि पुष्कळांनी तो पाहून डोळे पुसले. चित्रपट पाहून डोळे पुसणे आपल्याला नेहमीच सोपे गेले आहे.

येथे जुन्या करारातील लेवीय ग्रंथाची आठवण येते. कोडी माणसाला छावणीबाहेर ठेवावे, हा तेथील नियम कठोर होता, यात शंका नाही. परंतु त्या ग्रंथात पुढचा भागही आहे आणि तो आपण सहसा वाचत नाही. बरा झालेल्याला याजकाने छावणीबाहेर जाऊन तपासावे, त्याचे शुद्धीकरण करावे आणि त्याला परत आत घ्यावे, असा सविस्तर विधी तेथे सांगितला आहे. याजकाने बाहेर जावे, रोग्याने आत धडपडत येऊ नये! तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला परतीची वाट होती. गोव्याच्या कायद्यात बाहेर काढण्याची वाट होती, परत आणण्याची नव्हती. आणि ज्याने हात पुढे करून कोड्याला स्पर्श केला, त्याचे नाव आपण धारण करतो.

आता थोडे मागे जाऊ. १८८३ साली मद्रासच्या न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. पटकी झालेला एक माणूस रेल्वेत बसला, रेल्वेच्या लोकांना त्याने आपला आजार सांगितला नाही. त्याला २६९ खाली दोषी धरण्यात आले. त्याच्यासाठी ज्याने तिकीट काढले आणि जो त्याच्यासोबत बसला, तोही अपराधाला साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरला. पटकीने आजारी पडलेल्या माणसाने जावे तरी कोठे? घरी जायला निघाला असेल बिचारा. आणि त्याच्यासोबत गेला तो कोण, याचा विचार करावा. भाऊ असेल, शेजारी असेल. आपण ज्याला सेवा म्हणतो तिला कायद्याने अपप्रेरणा म्हटले. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला तो १८८४ साली, म्हणजे शिक्षेनंतर वर्षभराने. रोग पाण्यातून येतो, आणि शहराला शुद्ध पाणी पुरविणे हे सरकारचे काम आहे. घाण पाणी पाजणाऱ्या नगरपालिकेवर २६९ लावल्याचे आमच्या वाचनात नाही. तिकीट काढणारा मात्र सापडला.

प्लेगची गोष्ट महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. तरी आपल्या समाजाने लक्षात ठेवावी अशी एक बाब तीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आल्याचे प्रथम ओळखले ते डॉ. आकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. हडफड्याचा हा गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टर झोपड्याझोपड्यांतून हिंडला आणि त्याने स्वच्छतेची, उंदीर मारण्याची मोहीम हाती घेतली. सरकारने काय केले? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. त्याचे पहिले पीठ चारच कलमांचे होते. सरकारला वाटेल ते हुकूम काढण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि हुकूम बजावणाऱ्यावर कोणी फिर्याद करू नये अशी तजवीज. औषध, अन्न, बुडालेला रोजगार यांविषयी एक अवाक्षर नाही. मग पुण्यात रँडसाहेब आले, गोरे शिपाई घराघरांत शिरले, स्त्रियांच्या काखा तपासल्या गेल्या, देव्हारे बाटले. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिले, आणि त्याचे पडसाद विलायतेपर्यंत उमटले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत तपासणी पथकावरून दंगल पेटली. लोक आजाऱ्याला माळ्यावर लपवू लागले, प्रेते गुपचूप पुरू लागले.

आणि ज्या वर्षी मुंबईत ही दंगल झाली, त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखविले की गाठीचा प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो. म्हणजे शिपाई ज्याला शोधत होते तो गुन्हेगार भिंतीच्या बिळात होता. माणसाच्या फुप्फुसात उतरलेला प्लेग माणसापासून माणसाला होतो, हे खरे आहे. पण पुण्या-मुंबईची ती साथ मुख्यतः गाठीच्या प्लेगची होती. पिसवांना दंड संहिता लागू होत नाही, म्हणून तिचा सगळा भार माणसांवर आला. मुंबईत वांद्रे, माझगाव, गिरगाव भागांत रस्त्याच्या कडेला जे जुने क्रूस उभे आहेत, त्यांतील कित्येक त्या प्लेगच्या दिवसांतले. आज मेच्या महिन्यात आपण त्यांना फुले घालतो. ज्यांनी ते उभारले त्यांना तापाची जितकी भीती होती तितकीच पथकाची होती, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच वारल्या. मद्रासच्या न्यायाने पाहिले तर त्याही त्या तिकीट काढणाऱ्याच्याच पंक्तीला बसतात.

येथे आमचे वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. ज्या नवऱ्याला आपला रोग ठाऊक आहे आणि जो तो लपवून बायकोला देतो, त्याचे काय? अशा स्त्रिया आपल्या धर्मग्रामांतही आहेत. त्या कोणाजवळ बोलत नाहीत एवढेच. त्यांचे दुःख आम्ही कोणत्याही युक्तिवादाखाली गाडू इच्छित नाही. पण कायदा नीट वाचावा. 'दुखापत' या शब्दाची व्याख्या १८६० च्या संहितेत होती तशीच नव्या संहितेतही आहे : शरीराला वेदना, रोग अथवा दुर्बलता आणणे म्हणजे दुखापत. 'रोग' हा शब्द तेथे स्पष्ट लिहिला आहे. ज्याने जाणूनबुजून, इजा करण्याच्या इराद्याने रोग दिला त्याला दुखापतीच्या कलमाखाली उभे करता येते. त्यासाठी साऱ्या आजारी माणसांवर टांगती तलवार धरण्याचे कारण नाही. आणि हयगयीच्या कलमाने त्या स्त्रीला काय मिळते? गरोदरपणात तपासणी होते ती बहुधा बायकोची. घरात आजार प्रथम 'सापडतो' तो तिच्या नावावर. मग सासरचे बोट तिच्याकडेच वळते आणि कलमही त्या बोटाच्या मागोमाग जाते.

१९९८ साली तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले होते. एका डॉक्टराने रक्त दिले, तो एच. आय. व्ही. बाधित असल्याचे इस्पितळाकडून बाहेर फुटले आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. तो गोपनीयतेच्या भंगाबद्दल न्याय मागायला गेला. न्यायालयाने त्याला २६९ आणि २७० ही कलमे वाचून दाखविली आणि असा माणूस बरा होईपर्यंत त्याचा विवाहाचा हक्क स्थगित राहील, असा अभिप्राय दिला. वधू सर्व जाणून संमती देत असेल तर काय, याचा विचार त्यात नव्हता. २००२ च्या डिसेंबरात न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते अभिप्राय अनावश्यक होते असे सांगून बाजूला केले, हे त्या संस्थेचे मोठेपण. पण चार वर्षे या देशात कायद्याने काही माणसे लग्नाला अपात्र होती. विवाहाला संस्कार मानणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा धक्का अधिक बसायला हवा होता.

कायदा वेगळ्या रीतीनेही लिहिता येतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. एच. आय. व्ही. आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. संमतीशिवाय तपासणी नाही, गुपित फोडायचे नाही, नोकरीवरून, शाळेतून, घरातून हाकलायचे नाही. रुग्णाने आपल्यापासून दुसऱ्याला संसर्ग होऊ नये म्हणून काळजी घ्यावी, हेही त्यात आहे. पण कैदेची शिक्षा ठेवली आहे ती रुग्णांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्याला. या कायद्याआधीच, एप्रिल २००४ पासून, सरकारने औषधे फुकट द्यायला आरंभ केला होता. नेमाने औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली गेले, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. क्षयाचेही तेच. योग्य औषध सुरू झाले की साधारणतः काही आठवड्यांत रुग्णापासूनचा धोका ओसरतो. गोळी पोटात गेली की साखळी तुटते. आणि गोळी घ्यायची तर आधी दवाखान्याची पायरी चढावी लागते. २०१८ मध्ये क्षयरोगी आढळूनही सरकारला न कळविणाऱ्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना २६९ व २७० चा धाक घालण्यात आला. निदान तेथे रोख रुग्णावर नव्हता, हे मान्य करतो. तरी खासगी डॉक्टरकडे तोंड लपवून जाणाऱ्या गरिबाला त्या बातमीने काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

हे सारे लिहिताना २०२० साल डोळ्यांपुढून हलत नाही. परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले जात होते. दिल्लीतील धार्मिक मेळाव्याला गेलेल्या परदेशी मुसलमानांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले. त्या वर्षी २१ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे स्पष्ट शब्दांत सुनावले. ते वाचून आम्हाला लाज वाटली. कारण वृत्तवाहिन्यांवर त्यांच्या नावाने बोंब चालली होती तेव्हा आपणही घरोघरी ती ऐकत होतो आणि मान डोलवीत होतो. उद्या अशीच साथ एखाद्या नोव्हेनातून, एखाद्या सणाच्या गर्दीतून पसरली असती, तर कलम २६९ आपल्या दाराशी आले असते, एवढाही पोच आपल्याला राहिला नव्हता.

आमच्या आळीत एक वडीलधारे गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. मुलगा बोटीवर नोकरीला. तो मार्चमध्ये घरी आला, हातावर शिक्का घेऊन. चौथ्या दिवशी काकांना ताप भरला. तोवर शेजारच्या गावात एका कुटुंबावर गुन्हा नोंदविल्याची बातमी पसरली होती. मुलाची पुढची बोट जाईल, पासपोर्ट अडकेल, आळी सील होईल, या भीतीने काकांनी ताप कोणाला सांगितला नाही. काढा घेत राहिले. सहाव्या रात्री धाप लागली तेव्हा काकींनी आम्हाला फोन केला. आमच्यापैकी दोघांनी तो उचलला नाही. तिसऱ्याने उचलला आणि गाडी काढायची की न काढायची यावर घरात अर्धा तास वाद झाला. 'आपल्यावरही केस होईल' हे वाक्य त्या वादात आमच्याच तोंडून बाहेर पडले. मद्रासचा तो तिकीट काढणारा आमच्यापेक्षा धीट होता. काका इस्पितळात पोचले आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यांना लवकर नेले असते तर वाचले असते, असा दावा आम्ही करीत नाही. त्यांना सहा दिवस तापाखेरीज आणखी कशाचे तरी भय होते, एवढे आम्हाला ठाऊक आहे. टाळेबंदीचे हुकूम मोडल्याबद्दल नागरिकांवर भरलेले खटले मागे घेण्याचे २०२२ साली राज्य सरकारनेच जाहीर केले. काकींना त्याचे काय?

क्वारंटाइन नकोच, असे आमचे म्हणणे नाही. साथीच्या दिवसांत काही काळ घरी थांबावे लागते आणि बहुतेक माणसे आपखुशीने थांबतात, जर चूल पेटत राहील आणि नोकरी टिकेल याची हमी असेल तर. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने २००८ सालीच सर्व देशांना सांगितले की फौजदारी कायदा फक्त हेतुपूर्वक केलेल्या संसर्गापुरता ठेवा. आमची मागणी तेवढीच आहे. नव्या संहितेतील २७१ वे कलम, म्हणजे ते हयगयीचे कलम, काढून टाकावे. दुष्ट हेतूच्या कृत्याला दुखापतीची कलमे पुरेशी आहेत. संसदेत कायदा बदलायला वेळ लागेल. धर्मग्रामाच्या पातळीवर मात्र वेळ लागण्याचे कारण नाही. लग्न जुळविताना परस्परांच्या पाठीमागे रक्ताचे दाखले मिळविण्याचा जो प्रकार काही घरांतून चालतो, तो थांबवावा. वधूवरांनी स्वतः, एकमेकांच्या संमतीने तपासणी करून घ्यावी आणि निकाल त्या दोघांतच राहावा. आजारी घराची नावे प्रार्थनेच्या निमित्तानेसुद्धा विचारल्याशिवाय वेदीवरून घेऊ नयेत. सेंट व्हिन्सेंट दि पॉल मंडळाच्या कार्यकर्त्यांनी क्षयाच्या गोळ्या नेऊन देण्याचे काम पत्करावे.

काकी आजही रविवारी पहिल्या मिस्साला येतात, शेवटच्या बाकावर बसतात. मुलगा पुन्हा बोटीवर गेला आहे. फोन न उचलणाऱ्यांपैकी एकजण मागच्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन बसला. काकींनी चहा केला, कपात ओतला, आणि कप त्याच्या हातात देण्याऐवजी मेजावर ठेवून त्या चार पावले मागे सरल्या. त्या वर्षाची सवय, त्या म्हणाल्या, अजून गेली नाही.